गाडी लॉकवर बसू दे



गॅरेजात टू-पोस्ट लिफ्ट बसवायचं ठरलं, असं ताई फोनवर म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. गोणपाट टाकून गाडीखाली उताणं झोपायचं, डोळ्यांत गंज झडायचा, जॅकच्या भरवशावर चेंबर खोलायचं, यातच माझी नोकरी सरली. तुझं तसं होऊ नये. पण लिफ्टखाली माणूस उभा राहतो आणि डोक्यावर दीड-दोन टन असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जमिनीचं बोलतो, कारण लिफ्ट विकणारा त्यावर फारसं बोलत नाही. तुझं मांजरी गाव 2021 साली महापालिकेत आलं खरं, पण तुझ्या शेडखाली काल-परवापर्यंत ऊस उभा होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या कोब्याला आपल्याबरोबर हलवते. लिफ्टचे दोन्ही खांब उभे असतात ते अँकर बोल्टच्या जोरावर. गाडी वर गेली की तिचा भार खांबाला आतल्या बाजूला ओढतो आणि बाहेरच्या अंगाचे बोल्ट उपटायला बघतो. पेव्हर ब्लॉकवर किंवा आहे त्याच कोब्यावर बसवून देतो म्हणणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठव. काळी माती काढून टाक, मुरूम भरून दाबून घे, कंपनीच्या कागदावर लिहिलेल्या जाडीचं काँक्रीट टाक आणि ते नीट भिजव. 28 दिवस भरेपर्यंत त्यावर भार नको. लिफ्ट आली तरी तेवढे दिवस कोपऱ्यात पडून राहू दे.

आता लॉक. तेलाच्या दाबाने गाडी उचलायची ही युक्ती अमेरिकेत मेम्फिसच्या पीटर लुनाटीने 1925 च्या आसपास काढली. न्हाव्याची खुर्ची वर-खाली होताना पाहून ती त्याला सुचली म्हणतात. आज शंभर वर्षांनीही तेलाचं तेच आहे: सील झिजतं, पाइप फुटतो, दाब उतरतो. म्हणून तेलाने फक्त उचलायचं. धरून ठेवायचं काम खांबातल्या लोखंडी खिट्टीचं. गाडी चढताना खट् खट् आवाज येतो आणि पुष्कळ मिस्त्री तेवढ्यावर लॉक लागलं असं समजून खाली शिरतात. त्या वेळी सगळं वजन तेलावरच असतं. हव्या त्या उंचीच्या किंचित वर न्यायचं आणि मग दोन्ही खिट्ट्यांवर भार टेकेपर्यंत हळूच खाली सोडायचं. चढताना दोन्ही खांबांचे आवाज वेगवेगळे ऐकायला शीक. एकाच बाजूचा येत असेल, तर गाडी उतरव आणि खिट्टी, वायर रोप बघ. गिऱ्हाईक कितीही घाई करो, तोवर खाली कुणी जायचं नाही.

लिफ्टच्या आर्मवरचे पॅड गाडीखाली कुठे लावायचे ते गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. अंदाजाने लावू नकोस. स्विफ्टसारख्या गाडीला दारांखालच्या पट्टीखाली ठरलेल्या जागा असतात, बोलेरोला चॅसी असते, आणि इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाखाली तर बॅटरीच पसरलेली असते, तिच्यावर पॅड टेकता कामा नये. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांब. बंपरला हात लावून गाडी हलवून बघ. टॉर्च घेऊन चारही पॅड पुन्हा बघ, आर्मचे लॉक अडकलेत का तेही बघ. मगच पुढे वर ने. इथे गाडी घसरली तर वीतभरच पडेल.

तुझ्याकडे मांजरी उपबाजारातून परतणारे पिकअप जास्त येणार. मागे उरलेले क्रेट असतील तर आधी उतरवून घे, मागे ओझं असलं की तोल बिघडतो. वर गेलेल्या गाडीचा तोलही कामाबरोबर बदलत जातो, हे नवख्या पोरांच्या ध्यानातच येत नाही. पुढचं इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली काढला की गाडी मागे कलते, डिकीत सीएनजीची टाकी असली तर जास्तच. त्यामुळे पहिला बोल्ट सैल करण्याआधी मागे उंच स्टँड लावायचा.

1948 च्या कारखाना कायद्यात उचलण्याच्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी करायला सांगितलं होतं. मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले तर लागू व्हायचा. तुझी माणसं चारच. तरी तपासणी करून घे, तारीख खांबावर ऑइलपेंटने लिहून ठेव. बोल्ट आणि वायर रोप तू स्वतः दर महिन्याला बघ. रोपची एक तार जरी तुटून वर आलेली दिसली, तरी काम बंद.

हाताखालच्या पोरांना एक अधिकार दे. लिफ्ट चालू असताना सगळ्यांत लहान पोरगा जरी ‘थांबा’ म्हणाला, तरी बटणावरचा हात निघाला पाहिजे. खोटी शंका निघाली म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही.

आणि गाडी वर असताना लाइट गेली, तर खिट्टी सोडवायला पहार घालू नका. लॉक सुटायला गाडी आधी थोडी वर घ्यावी लागते, आणि मोटर बंद असताना ती वर जात नाही. गाडी लॉकवर बसलेली असेल तर तिला काही होत नाही. गिऱ्हाईकाला रिक्षाने घरी पाठव, भाडं तू दे आणि गाडी उद्या ने म्हणून सांग.

काँक्रीट टाकायच्या दिवशी मी येतो. खड्डा किती खोल घेतला ते मला बघायचंय.

तुझा मामा