मनगटावरचा पैसा

मराठी भाषेने पैशाला शरीरावर जागा नेमून दिलेल्या आहेत. पुरुषाचा पैसा कनवटीला, बाईचा पदराच्या गाठीला. 'गाठीला चार पैसे असणे', 'पदरमोड करणे', 'हात आखडता घेणे', 'मूठ सैल सोडणे' हे वाक्प्रचार नीट पाहिले, तर त्यांतला पैसा कुठे दूर पेढीवर ठेवलेला नाही, असे ध्यानात येते. तो अंगाला लागून आहे, आणि द्यायचा झाला तर अंगाला काही हालचाल करावी लागते. गाठ सोडावी लागते, मूठ उघडावी लागते. त्या हालचालीत क्षणभर थांबणे असते, आणि त्या क्षणात द्यावे की देऊ नये हा विचारही होऊन जातो.

या यादीत मनगट नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. मनगट हे बळाचे ठिकाण. राखीचे, गंड्यादोऱ्याचे, पुढे घड्याळाचे. पण थोडा विचार केला की मनगटावरचा पैसाही आठवतो. पाटल्या, गोठ, तोडे, सोन्याच्या बांगड्या. हा घरातला सर्वांत सावकाश खर्च होणारा पैसा. तो बाजाराला जाताना उपयोगी पडत नसे. दुष्काळ, दुखणे, मुलाचे शिक्षण अशा प्रसंगीच त्याला हात लागे. सोने आपण 'विकले' असे सहसा म्हणत नाही, 'मोडले' म्हणतो. त्या क्रियापदात व्यवहारापेक्षा इजा अधिक आहे. शिवाय हा पैसा बाईचा स्वतःचा, निदान तसा समज तरी होता. तो मोडायचा तर तिला विचारावे लागे. आणि विचारले नाही, तर त्याचा सल घरात वर्षानुवर्षे राही.

आता त्याच मनगटावर सर्वांत वेगाने जाणारा पैसा आलेला आहे. पावले मोजणाऱ्या स्वस्त पट्ट्यांत आणि घड्याळांत, म्हणजे ज्याला आपण सरसकट 'बँड' म्हणतो त्यात, पैसे देण्याची सोय येऊ लागली आहे. दुकानातल्या स्वाइप मशीनजवळ मनगट नेले की काम झाले. कार्ड नको, पाकीट नको, मोबाईलही नको.

हे एकदम घडलेले नाही. शाओमी या चिनी कंपनीने २०१८ साली 'मी बँड ३' बाजारात आणला, तेव्हा चीनमध्ये त्याची साधी आवृत्ती १६९ युआनला होती आणि एनएफसी असलेली १९९ युआनला. एनएफसी म्हणजे चार-पाच सेंटिमीटर अंतरावरून दोन उपकरणांना एकमेकांशी बोलता येईल अशी रेडिओ लहरींची व्यवस्था. फरक ३० युआनचा. पण त्या ३० युआनांत मनगटावर बसचे आणि मेट्रोचे तिकीट येत होते. त्याच वर्षी तो बँड भारतात १,९९९ रुपयांना आला, तो मात्र या सोयीवाचून. वस्तू तीच, पण एका देशात ती पैसे देऊ शकत होती आणि दुसऱ्या देशात नुसती पावले मोजत होती. पैसा ही यंत्रापेक्षा परवानगीची गोष्ट आहे, हे यावरून कळते.

आपल्याकडे ती परवानगी टप्प्याटप्प्याने मिळाली. सांकेतिक आकडे न दाबता कार्ड नुसते टेकवून पैसे देण्याची मर्यादा २,००० रुपये होती; रिझर्व्ह बँकेने ती १ जानेवारी २०२१ पासून ५,००० केली. कार्डाचा खरा क्रमांक उपकरणात न ठेवता त्याच्या जागी एक बदली क्रमांक ठेवण्याची पद्धत २०१९ साली मोबाईल आणि टॅबलेटपुरती मान्य झाली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ती मनगटी घड्याळे आणि बँड यांनाही लागू झाली. टायटनने २०२० सालीच स्टेट बँकेबरोबर अशी घड्याळे काढली होती. २०२४ साली एअरटेल पेमेंट्स बँक, नॉइज आणि एनपीसीआय यांनी मिळून तीन हजार रुपयांच्या आतले एक घड्याळ आणले. अर्थात आपल्या रस्त्यांवर अजून राज्य आहे ते क्यूआर कोडचेच, आणि दुकानातल्या त्या लहानशा पेटीचे, जी किती रुपये मिळाले ते साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करते. त्या मानाने मनगट टेकवणे पुष्कळच सभ्य म्हणायचे.

या बँडच्या रचनेतली एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याच्या आतल्या बाजूला हिरवा प्रकाश असतो. त्वचेखालच्या रक्ताच्या चढउतारावरून तो नाडीचे ठोके मोजतो. पैसे देण्याची सोय असलेल्या अनेक बँडांत हाच प्रकाश पहारेकऱ्याचेही काम करतो. बँड मनगटावरून निघाला, त्वचेचा स्पर्श तुटला, की पैसे देणे बंद होते; पुन्हा घातल्यावर सांकेतिक आकडे द्यावे लागतात. म्हणजे मनगट जिवंत आहे आणि मघाचेच आहे, याची साक्ष नाडी देते. पूर्वी दस्तऐवजावर अंगठा उठवीत. आता नाडीच्या भरवशावर औषधाचे पैसे जातात.

आणि तरीही हे मोजणारे यंत्र एक गोष्ट आपल्याला मोजू देत नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' या नावाचे पावलांचे यंत्र निघाले. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मापक. रोज दहा हजार पावलांचा दंडक तिथूनच जगभर पसरला. त्या यंत्राचे हे वंशज पावले, ठोके, झोप, रक्तातला प्राणवायू असे सगळे मोजतात. तासभर बसून राहिलो तर थरथरून उठवतात. पैसा तेवढा त्यांच्यातून न मोजता जातो. नोट देताना ती दोनदा चाळली जाते, उरलेली पाकिटात परत जाते, आणि पाकीट किती हलके झाले ते बोटांना कळते. मनगट टेकवण्यात यातले काही नाही. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवल्या होत्या. रोख द्यावे लागेल असे ज्यांना सांगितले, त्यांच्यापेक्षा कार्डाने देणाऱ्यांची बोली सरासरी दुपटीच्या घरात गेली. कार्ड निदान पाकिटातून काढावे तरी लागते.

असो. खर्च वाढेल की घटेल हा अर्थशास्त्राचा प्रश्न झाला. मला या विषयाकडे वळावे लागले ते आईमुळे.

आई ७६ वर्षांची आहे. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी तिला चालायला सांगितले, आणि बंगळुरूला असणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तिला एक बँड पाठवला. पावले मोजणारा आणि पैसेही देणारा. ज्या खात्याला तो जोडला, ते आई आणि भाऊ यांचे दोघांचे खाते. त्यावर नोंदलेला मोबाईल क्रमांक भावाचा. हेतू निर्मळ होता. आईला अलीकडे कमी दिसते. नव्या नोटा हाताला सारख्याच लागतात. त्या ओळखता याव्यात म्हणून अंधांसाठी रिझर्व्ह बँकेला २०२० साली एक मोबाईल अॅप काढावे लागले, तिथे आईची काय कथा. मेडिकलवाल्यासमोर ती नोटांची तळहातभर घडी धरायची आणि म्हणायची, "तूच घे रे यातून मोजून." तो भला माणूस आहे, तो बरोबरच घेई. पण कुणापुढे तळहात उघडा धरून उभे राहणे आणि त्याच्या भलेपणावर विसंबणे हे तिला आवडत नसे. बँडमुळे ते थांबले. मनगट पुढे करून ती दुकानातून ताठ मानेने बाहेर पडू लागली. या सोयीचे हे मोल मी कमी लेखणार नाही.

पण आठवड्याभरात भावाचे फोन येऊ लागले. "आई, आज दोनदा मेडिकलमध्ये गेलीस? बरं आहे ना?" "काल बेकरीत गेली होतीस वाटतं! साखर सांभाळ हं." त्याच्या प्रश्नांत काळजीशिवाय दुसरे काही नव्हते. आई उत्तरे देत राहिली. मग एक दिवस तिने पैसे देणे सोडून दिले. बँड पावलांपुरता राहिला आणि तळहातावरची घडी परत आली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "दिलेला पैसा मी विसरते, पण तो विसरत नाही."

तिच्या या वाक्यामागे एक जुना हिशेब आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आमच्या घरातल्या तुरीच्या डाळीच्या डब्यातून पाचशेच्या २८ नोटा बाहेर आल्या. चौदा हजार रुपये. घरखर्चातून वाचवलेले, वर्षानुवर्षांचे. बँकेत भरायचे म्हणून ते आईला वडिलांच्या हातात द्यावे लागले. वडिलांनी ते मोजले आणि एवढेच विचारले, "इतके कधी साठवलेस?" त्यात राग नव्हता, थोडे कौतुकच होते. पण त्या क्षणी आईचा चेहरा चोरी उघडकीला आलेल्या माणसासारखा झाला होता. त्या पैशातून कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची परीक्षेची फी गेली होती, माहेरी कुणाच्या दुखण्यात काही गेले होते. देताना तिने कुणाला विचारले नव्हते आणि कुणाला सांगितलेही नव्हते. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या अनेक घरांत असे डबे रिकामे झाले असतील. काळ्या पैशाची तेव्हा खूप चर्चा झाली. या पैशाला काय रंग म्हणावा, याची फारशी झाली नाही.

व्हिव्हियाना झेलिझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 'द सोशल मीनिंग ऑफ मनी' या १९९४ सालच्या पुस्तकात असे दाखवले आहे की, सगळे पैसे सारखे नसतात; माणसे त्यांच्यावर खुणा करतात, त्यांना नावे देतात, वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात. अमेरिकी गृहिणींच्या हातखर्चाचा इतिहास त्यांनी मांडला आहे. पण आपल्या डाळीच्या डब्याचे मर्म त्यांना कळले असते. त्या डब्यातला पैसा रकमेने थोडा होता. त्याचे मोल ते कुणी मोजत नव्हते यात होते. बँडमधला पैसा एकाच डब्यातला आहे, आणि त्या डब्याला झाकण नाही.

आपल्या परंपरेत हिशेबाच्या दोन कथा सर्वांना ठाऊक आहेत. एकनाथ जनार्दनस्वामींकडे असताना एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर जागले, आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. तुकारामांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. एकाने हिशेब जुळवला, दुसऱ्याने सोडला. एरवी या कथा परस्परविरोधी म्हणून सांगता येतील. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वही ज्याची होती, त्यानेच ठरवले. पै एकनाथांना दुसऱ्या कुणी शोधून दिली नाही, आणि खते बुडवण्याआधी त्यांची प्रत दुसऱ्या कुणाच्या कपाटात राहिली नव्हती. आईकडे आलेल्या व्यवस्थेत या दोन्ही वाटा बंद होत्या. मोजायचे तर आकडा तिच्यापर्यंत येत नव्हता; विसरायचे तर तो बंगळुरूला जपून ठेवला जात होता.

शेवटी आईनेच विषय काढला. "मला त्या बँकेत घेऊन चल," म्हणाली. आम्ही गेलो. तिच्या एकटीच्या नावाचे एक खाते उघडले, त्यावर तिचा स्वतःचा मोबाईल क्रमांक नोंदवला आणि बँड त्या खात्याला जोडून घेतला. खिडकीपलीकडच्या मुलीने दोनदा विचारले, "आजी, मुलाचा नंबर नको का टाकायला? तुम्हाला मेसेज वाचता येतील ना?" आई म्हणाली, "अक्षर मोठं करून घेतलंय." संध्याकाळी तिने भावाला फोन करून सांगितले. तो थोडा दुखावला, मग म्हणाला, "तब्येतीचं तरी सांगत जा." तेवढे तिने कबूल केले.

आता औषधांचे आणि किराण्याचे पैसे मनगटावरून जातात. रात्री ती भिंगातून मेसेज वाचून रकमा वहीत मांडते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती बँकेतून थोडी रोख रक्कम काढते, सगळ्या शंभराच्या नोटा, म्हणजे ओळखण्याचा प्रश्न नको. त्या कुठे ठेवते ते मला ठाऊक नाही. मी विचारलेलेही नाही.