मोडीचा भाव

लॉटच्या चिठ्ठीवर एवढंच : जेवणाचे चमचे, बारा, लंडन, अठरावं शतक, वजन सुमारे २५ ट्रॉय औंस. हिरव्या बनातीवर सगळे उताणे मांडलेले. मला ते खटकलं. यांतले आठ जुन्या धाटणीचे. त्यांच्या काळी इंग्रज टेबलावर चमचा पालथा ठेवत आणि घराण्याचं चिन्ह त्याच्या पाठीवर कोरत. पाठ हाच त्यांचा चेहरा.

उरलेले चार नंतरचे, हरवलेल्यांच्या जागी भरलेले. दांड्याच्या बुडाशी ठसे : पाऊल उचललेला सिंह, म्हणजे चांदी शंभरात साडेब्याण्णव, मुकुट घातलेला बिबट्या, म्हणजे लंडन, सालाचं अक्षर, आणि एच बी. हेस्टर बेटमन. नवरा साखळ्या घडवायचा, १७६० मध्ये गेला. दुसऱ्याच वर्षी, पन्नाशी उलटलेल्या या बाईने गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःचा ठसा नोंदवला. तिला लिहिता येत नव्हतं, असं सांगतात. तिची ही दोन अक्षरं मात्र अजून वाचता येतात.

जुन्या आठांची डावी कड झिजलीय. उजव्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या बशीचा तळ खरवडला त्याची ती खूण. आणि ठसे बोथट झालेत ते चोळून चोळून. खाली तळघरात कुणी नोकर अंगठ्याने लाल भुकटी घासत बसायचा. वर चमक दिसायची, खाली चांदी कणाकणाने उतरायची. त्याचं चिन्ह कुठे कोरलेलं नाही.

चांदीच्या भांड्याच्या नशिबी ही टांगणी कायमचीच : भांडं की पैसा? पहिल्या चार्ल्सने युद्धासाठी ऑक्सफर्डच्या कॉलेजांची ताटं-पेले आटवून नाणी पाडली. पुढे उलटं झालं. लोक नाणीच आटवून भांडी करू लागले, म्हणून १६९७ मध्ये भांड्यांची शुद्धता नाण्यांहून वर चढवावी लागली. ती १७२० पर्यंत सक्तीची राहिली. १९८० च्या जानेवारीत औंसाला जवळपास ५० डॉलर भाव आला, तेव्हा कितीतरी किटल्या, तबकं, चमचे भट्टीत गेले. आटलेल्या चांदीला ठसा नसतो. हेस्टरचे किती गेले, कोण मोजणार.

जुन्या आठांतला एक चमचा पालथा केला. चिन्हाच्या जागी पत्रा बोटाला पातळ लागला. घासून काढलंय. विकणाऱ्याने लाजेपोटी, की घेणाऱ्याला दुसऱ्याचं घराणं आपल्या टेबलावर नको होतं म्हणून? आपल्याकडेही भांड्यावर नाव घालतात : अमक्याकडून सप्रेम भेट, खाली तारीख. पण मोडीत देताना ते कुणी खरवडत बसत नाही. भांडं नावासकट जातं. मला तेच बरं वाटतं.

जुने व्यापारी करतात तसं केलं. चमचा तोंडाजवळ नेऊन हळूच वाफ सोडली. धुरकटलेल्या चांदीवर क्षणभर काहीतरी उमटलं : वाकलेली मान, चोच, चोचीत एक डहाळी. हंस की करकोचा, ते ठरवेपर्यंत वाळून गेलं.

पुन्हा वाफ सोडावी म्हणून चमचा उचलला, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाने खिशातून छोटासा वजनकाटा काढला आणि हात पुढे केला.