अक्षरांचा माग

अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वरूड हे गाव आहे. संत्र्यांच्या बागांनी हा सारा परिसर हिरवागार झालेला आहे. आंबिया बहाराची फळे उतरू लागली म्हणजे पेट्या भरण्याची एकच धांदल उडते. त्या पेट्यांवर कित्येकदा फळाचे नाव इंग्रजीत छापलेले असते : 'ऑरेंज'. पान पाहून झाडाची तहान ओळखणारा शेतकऱ्याचा मुलगा ही सहा अक्षरे वाचताना मात्र अडखळतो. फळ त्याच्या बागेतले. पण नाव परक्याचे!

खेड्यातील मुलाला इंग्रजीची भीती वाटते ती अशीच. लिहायचे एक आणि उच्चारायचे दुसरे, असा तिचा रिवाज. एखादा शब्द चुकला की वर्ग हसतो आणि हसू झालेला मुलगा पुन्हा तोंड उघडीत नाही. ही भीती घालवणारा एक बिनखर्चाचा खेळ आहे. भेंड्यांत शेवटचे अक्षर धरून पुढचे गाणे शोधतात. या खेळात ठरावीक अक्षरे धरून इंग्रजी शब्द शोधायचे असतात. त्यासाठी चार सोबती आणि एक शब्दकोश एवढे साहित्य पुरते.

आरंभ सोपा असतो. 'ई' हे अक्षर असलेले शब्द सांगा म्हटले, की मुले भराभर सांगत सुटतात. कारण इंग्रजीत तेच अक्षर सर्वांत अधिक वेळा येते. तारायंत्राच्या मोर्स लिपीत त्याला केवळ एक टिंब दिले आहे, तेही याचसाठी. जे वारंवार पाठवायचे, ते थोडक्यात आटोपलेले बरे!

पुढे 'क्यू' येतो. त्याच्या मागोमाग बहुतेक ठिकाणी 'यू' असतोच, जणू सावलीच. राणी या अर्थाचा 'क्वीन' हा शब्द अस्सल इंग्रजी. परंतु प्राचीन काळी तो 'सी' आणि 'डब्ल्यू' या अक्षरांनी लिहीत असत. सन १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच वळणाच्या लेखकांनी कालांतराने या शब्दाला 'क्यू-यू' चा नवा पोशाख चढवला. एका राज्याचा पराभव असा एका शब्दाच्या अंगावर उमटून राहिला आहे.

खरी कसोटी लागते ती 'जे' या अक्षराने संपणारा शब्द शोधताना. शब्दकोशात शब्दाचे पहिले अक्षर चटकन सापडते, शेवटचे सापडत नाही. पाने उलटता उलटता बोटे थकतात. अस्सल इंग्रजी शब्द 'जे' ने संपतच नाहीत. मग हाती लागतात ते 'राज', 'ताज', 'हज'! मुले चकित होतात. हे तर ओळखीचे चेहरे! त्यानंतर 'डी' आणि 'एच' ही जोडी आरंभी असलेला शब्द विचारावा. तेथे 'धोती' आणि 'धोबी' उभे असतात. जी अक्षरे इंग्रजीला अवघड, तीच मराठी मुलाला सोपी ठरतात. इतका वेळ मागे बसलेला मुलगा आता सर्वांच्या पुढे सरकतो.

एकदा असे कोडे घालावे : 'गूस' म्हणजे हंसासारखा एक पक्षी, या पक्ष्याच्या नावाची पाचही अक्षरे ओळीने ज्याच्या नावाच्या शेवटी आहेत, असा चार पायांचा प्राणी कोणता? उत्तर 'मॉन्गूस'. गूसचे अनेकवचन 'गीस' होते, म्हणून कोणी याचे 'मॉन्गीस' करू पाहतो. पण शब्दकोश सांगतो 'मॉन्गूसेस'. कारण या प्राण्याचा त्या पक्ष्याशी काडीमात्र संबंध नाही. हे आपले बांधावरून सुरकन पळणारे मुंगूस होय! मराठी-कोकणी मुलखातून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून ते इंग्रजांच्या घरी पोहोचले. तसाच 'डंगरी' हा जाड्याभरड्या सुती कापडाचा शब्द. तो मुंबईच्या डोंगरी या वस्तीवरून गेला, असे सांगतात.

आणि पेटीवरचे ते 'ऑरेंज'? संस्कृतात नारंग, फारशीत नारंग, अरबीत नारंज, अशी मजल करीत हा शब्द युरोपात गेला. स्पॅनिश भाषेने त्याचा आरंभीचा 'न' आजही जपला आहे. इटली-फ्रान्सच्या वाटेवर मात्र तो 'न' आधीच्या उपपदात मिसळून गळाला असावा, असे पंडित मानतात. रंगाला 'नारिंगी' म्हणणाऱ्या वरूडच्या मुलाने तो 'न' पुन्हा आरंभी ठेवून पाहावा. परके नाव तत्क्षणी घरचे होते.

आज संगणकाला अक्षरे सांगितली, की शब्दांची लांबलचक यादी क्षणार्धात पुढे येते. यादी उपयोगाची खरी. परंतु ओल्या मातीतील पाऊल पाहून जनावर कोणत्या दिशेने गेले हे ओळखण्याचा आनंद तिच्यात नाही. तो माग ज्याचा त्यानेच काढावा लागतो. माग काढू लागले म्हणजे दिसते, की शब्दही माणसांसारखेच व्यापाराला निघतात, दूर देशी राहतात, वेष बदलतात आणि क्वचित एखादे अक्षर वाटेत हरवून बसतात.

परक्या भाषेच्या उंबरठ्यावर बिचकून उभ्या असलेल्या मुलाला एवढे उमगले तरी पुरे, की आत आपली काही माणसे आधीच जाऊन बसली आहेत.