काळा दोरा

देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत तंबूतलं टॉकीज लागायचं. बाया एकीकडे, माणसं दुसरीकडे, मधे कापडाचा आडोसा, बसायला जमीन. तिथं मी ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ पाहिला. शांतिलाल सोनींचा १९६४ चा हा काळापांढरा सिनेमा आमच्यापर्यंत आला तेव्हा रीळ जागोजागी तुटत होतं. किशोरकुमार एक औषध पितो आणि दिसेनासा होतो. शास्त्र एवढंच. पुढं सगळा धुडगूस.

नंतर गल्लीत तोच खेळ सुरू झाला. नायक व्हायला कुणी तयार नसे, त्याला काम काय? सगळ्यांना मार खाणारा गुंड व्हायचं असायचं. थप्पड नसताना मान नेमकी फिरवायची, कळवळायचं, कोलमडायचं. पडणारा बरा पडला, तरच मारणारा आहे असं वाटायचं. स्वस्तातल्या सिनेमावाल्यांना हा विषय का भावत असेल तेही कळतं. नायकाच्या तारखा मिळाल्या नाहीत तरी शूटिंग थांबायला नको!

बाबूभाई मिस्त्रींबद्दल वाचलं ते फार उशिरा. १९३७ मध्ये विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’साठी त्यांनी काळ्या पडद्यापुढं काळ्या दोऱ्यानं वस्तू हवेत नाचवल्या. तेव्हापासून लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणू लागले. प्रेरणा हॉलिवुडच्या १९३३ च्या ‘द इनव्हिजिबल मॅन’ची. तिथं नटाला काळी मखमल चढवून काळ्या मखमलीपुढंच उभं करत. वरचे कपडे तेवढे उठून दिसत आणि ते चित्र दुसऱ्या चित्रात बसवलं जाई. करामत मोठीच. मला मात्र दोराच आवडतो.

१९८७ ला ‘मिस्टर इंडिया’ आला. त्यातला गायब माणूस लाल उजेडात दिसतो. ही खरी अक्कल. त्यालाही कशाचं तरी भ्याव पाहिजेच. मी तेव्हा मेहकरकडे मास्तर होतो. गॅदरिंगला पोरांनी तसलंच नाटुकलं करायचा हट्ट धरला. लाल जिलेटिनचा कागद आणला, शिंप्याकडून काळा दोरा आणला. हवालदाराची टोपी आपोआप उडायची होती. ऐन वेळी दोरा तुटला. पोरगं क्षणभर थांबलं, मग दोन्ही हातांनी टोपी धरून ‘सोड नं बे, माही टोपी सोड!’ ओरडत स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटत गेलं.

कार्यक्रम संपल्यावर काही पालक पडद्यामागं आले. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं: दोरा ओढत कोण होतं?