कालची हकीकत, इंग्रजीत

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्यांचे इंग्रजी पोसले गेले, आणि तिच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु नांदेडला आणि पुढे लातूरला इंग्रजीचे अध्यापन करीत असता माझी अशी खात्री होत गेली की, भूतकाळाची रूपे परक्यांच्या वाक्यांवरून पाठ होतात, अंगवळणी मात्र स्वतःच्या अनुभवानेच पडतात. तो अनुभवही काल-परवाचा हवा. कारण ताज्या स्मृतीतच प्रसंगांचे पौर्वापर्य शाबूत असते.

‘मी काल नांदेडला गेलो होतो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. पुढे दुसरी घटना सांगितलीच पाहिजे, अशी त्याची अट नाही. इंग्रजीतील पूर्ण भूतकाळाला मात्र, ज्याच्या आधी क्रिया उरकली असा भूतकाळातलाच दुसरा टप्पा लागतो. म्हणून ‘आय हॅड गॉन’ हे एकटे अधांतरी राहते. तेथे ‘आय वेन्ट’ एवढेच पुरते.

हा भेद केवळ नियम सांगून उमगत नाही. वडिलांबरोबर सोयाबीन घेऊन लातूरच्या आडत बाजारात गेलेल्या एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले, ‘व्हेन वुई अराइव्ह्ड, द ऑक्शन एन्डेड.’ मी विचारले, ‘तुम्ही पोचलात आणि मग सौदा संपला काय?’ तो म्हणाला, ‘नाही सर, आमच्या आधीच संपला होता, माल आडतीवरच ठेवावा लागला.’ आणि त्याने आपण होऊन ‘हॅड एन्डेड’ अशी दुरुस्ती केली. सौदा चालू असता, तर ‘वॉज गोइंग ऑन’ लिहावे लागले असते आणि माल कदाचित त्याच दिवशी विकला गेला असता. क्रियापदाच्या रूपात घरचा व्यवहार गुंतलेला आहे, हे ज्याला एकदा जाणवले, त्याला घोकंपट्टीची गरज उरत नाही.

नांदेड-लातूरच्या या मुलखाला परभाषा नवी नाही. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, आणि निजामी अमदानीत आमच्या वडीलधाऱ्यांच्या दरखास्ती व जबान्या त्याच भाषेत दफ्तरी दाखल होत. ती भाषा त्यांच्यात मुरली, कारण तिच्यात त्यांची स्वतःची जमीन आणि स्वतःची फिर्याद होती.

इंग्रजीलाही हाच न्याय लागू आहे. विद्यार्थ्याने रोज रात्री दिवसाची हकीकत पाच-सहा ओळींत लिहावी, आणि प्रत्येक क्रियापदापाशी थांबून आधी काय घडले, नंतर काय, आणि तेव्हा काय चालू होते, हे स्वतःला विचारावे. काळाचे रूप त्या उत्तरातूनच ठरते.