माळेची गाठ

माउली, तुळशीची माळ ओवणे सोपे, गाठ मारणे अवघड. 108 मणी ओवले की दोरा फार ताणू नये. मण्यांना सरकायला जागा हवी. मग दोन्ही टोके मेरुमण्यातून एकत्र काढून निरगाठ मारावी. सरगाठ सुटते.

परवा माझी माळ तुटली. गळ्यात माळ नसता अन्न घ्यायचे नाही, हा माझा नेम. मणी ओवले, पण थरथरत्या बोटांना गाठ जमेना. 40 वर्षे कीर्तनातून अहंकार सोडा म्हणून सांगितले, आणि सूनबाईला हाक मारवेना! तिन्हीसांजेपर्यंत उपाशी राहिलो. शेवटी माळ तिच्यापुढे धरली.

“आबा, सकाळीच सांगायचं ना!” म्हणत तिने गाठ मारली.

माउली, तुमची माळ तुटली तर हाक मारायला लाजू नका.

राम कृष्ण हरी.