प्राचार्य येणार आहेत!

‘प्राचार्य’ एवढं म्हटलं की आमच्या सातारा-सांगलीकडं पुढचं नाव विचारावं लागत नसे. तालुक्यातालुक्याला कॉलेजं निघाली, प्राचार्य पुष्कळ झाले. पण ‘औंदा प्राचार्य येणार आहेत’ अशी बातमी पारावर आली की ती शिवाजीराव भोसल्यांचीच. फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढं १९८८ ते १९९१ या काळात ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, औरंगाबादला गेले. तरी आमच्या लोकांच्या तोंडात ‘कुलगुरू’ काही बसलं नाही. आमच्याकडं ते अखेरपर्यंत प्राचार्यच राहिले.

त्यांचं गाव कलेढोण. १५ जुलै १९२७ चा जन्म. तालुका खटाव, जिल्हा सातारा. पण मायणीच्या बाजूनं तिथं गेलं की सांगली जिल्ह्याची शीव फार लांब राहत नाही. विटा, आटपाडी, कलेढोण, म्हसवड हा सगळा एकच मुलूख. नकाशात जिल्हे दोन, पण माळ एक, कुसळं तीच, आणि भरून आलेला पाऊस न पडताच पुढं निघून जाणार हेही ठरलेलं. वाई, कऱ्हाड, सांगलीच्या लोकांना कृष्णा मिळाली. या पट्ट्यातल्या लोकांना टँकर आणि छावण्या. या माळावरचा एक मुलगा शिकतो, शिकायला तत्त्वज्ञानासारखा विषय घेतो, आणि फलटणसारख्या तालुक्याच्या गावात तोच विषय आयुष्यभर शिकवतो, याचं मला लहानपणापासून फार अप्रूप आहे. शेतकऱ्याच्या पोरानं डॉक्टर व्हावं, मामलेदार व्हावं, निदान मास्तर तरी व्हावं, हे सगळ्यांना समजत होतं. तत्त्वज्ञानाचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्राचार्यांनी ते करून दाखवलं. वर्गात शिकवलं ते शिकवलंच, पण तोच विषय त्यांनी हायस्कुलाच्या पटांगणात, बाजारतळावर, नगरवाचनालयाच्या दिवाणखान्यात आणून ठेवला.

आमच्या बाजूला व्याख्यानमालांचा मोठा नाद. महादेव गोविंद रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिचं लोण पुढं कृष्णाकाठानं खाली उतरत गेलं. वाईची व्याख्यानमाला, कऱ्हाडची, मिरजेच्या खरे मंदिरातली वसंत व्याख्यानमाला, ही मोठी नावं. पण आमच्यासारख्या आडगावांनाही हौस होतीच. हायस्कुलातले दोन-तीन मास्तर, पोस्टमास्तर, सोसायटीचे सेक्रेटरी असे लोक एकत्र यायचे, वर्गणी गोळा करायचे. बाजाराच्या दिवशी तिकाटण्यावर फळा लागायचा. रंगीत खडूनं वळणदार अक्षर काढणारे आमचे चित्रकलेचे सर वक्त्याचं नाव मोठं काढायचे, विषय त्याहून थोडा लहान, आणि खाली ‘वेळ : रात्रौ ९ वाजता’. ती रात्र प्राचार्यांची असली की बाजार लवकर उठे.

त्या रात्रींचं सगळं मला अजून आवडतं. पटांगणात पाणी मारून धूळ बसवलेली असायची, तिचा वास. पुढं सतरंज्या, त्यावर आम्ही पोरं. मागं खुर्च्या, त्यांत कारखान्याचे संचालक, सरपंच, डॉक्टर. एका बाजूला बायका, मांडीवर पेंगणारी लेकरं. कर्णा लिंबाच्या झाडाला बांधलेला. माइकवाला ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणायचा आणि आम्हा पोरांना त्याचाच मोठा हेवा वाटायचा. लांबच्या वस्तीवरून माणसं बैलगाडी जुंपून येत, सायकलवर डबलसीट येत. ऊसतोडीच्या दिवसांत फडातून थेट आलेले लोकही मी पाहिलेत, हातापायावर पाचटाचे ओरखडे तसेच. हारतुरे, नारळ, शाल, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षांची परवानगी हे सगळं होईपर्यंत गर्दीत चुळबुळ असे. मग प्राचार्य उठत, आणि कर्ण्यातून पहिलं वाक्य आलं की पटांगण गप्प.

हातात कागद नसे, टिपणं नसत. आवाज चढवणं नाही, टेबलावर मूठ आपटणं नाही. वाक्यं लहान, नीट घडवलेली, आणि दोन वाक्यांच्या मध्ये एवढी जागा सोडलेली की मागच्या सतरंजीवरच्या माणसालाही पहिलं वाक्य मनात ठेवून घ्यायला सवड मिळावी. विषय मोठे: ज्ञानेश्वर, शिवछत्रपती, विवेकानंद, योगी अरविंद. पुस्तकी मराठीच बोलत. संस्कृत शब्द भरपूर. आणि तरीही ते कुणाला जड गेलं नाही. आमच्या आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं. व्याख्यान संपल्यावर घरी येताना तिच्या मुलानं, आण्णांनी, तिला विचारलं, ‘‘काय कळलं का गं आये?’’ ती म्हणाली, ‘‘न कळायला काय झालं? टाळ-मृदंग न्हाई एवढंच, बाकी कीर्तनच की ह्ये.’’ प्राचार्यांच्या वक्तृत्वावर पुढं मी पुष्कळ वाचलं. आज्जीच्या बोलण्याइतकं नेमकं मला दुसरं काही सापडलं नाही. कीर्तनात पूर्वरंगात एक विचार मांडतात आणि उत्तररंगात एका माणसाचं चरित्र सांगून तो उभा करतात. प्राचार्यांचं व्याख्यान याच वाटेनं जाई. आमच्या लोकांचा कान शेकडो वर्षं याच रीतीवर तयार झालेला होता, म्हणून तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं बोलणं मेंढरं राखणाऱ्याला परकं वाटलं नाही.

विवेकानंद आम्हा पोरांना नावानं आधीच माहीत होते. पाटण तालुक्यात जन्मलेल्या बापूजी साळुंख्यांनी १९५४ साली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या शाळा आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पसरल्या होत्या. विवेकानंदांचा फोटो रोज प्रार्थनेच्या वेळी समोर असे: फेटा, छातीवर बांधलेले हात. पण तो फोटो होता. व्याख्यान ऐकल्यावर त्याच्या आतला तरुण दिसायला लागला. वडील अचानक गेलेले, घरात खाणारी तोंडं, नोकरीसाठी पायपीट, आणि हे सगळं असताना मनात देवाविषयीचे प्रश्न. १८९३ सालची शिकागोची परिषद आम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेली होती. तिथवर पोचायच्या आधी हा माणूस किती उपाशी चालला, हे मनाला लागलं ते त्या पटांगणात. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या आईबापांची पोरं होतो आम्ही. १९७२ चा दुष्काळ आमच्या घराघरांत होता. थोर माणूस आपल्यासारखाच उपाशी राहिलेला असतो, ही केवढी मोठी गोष्ट कुणी तरी आमच्या हातात दिली होती.

आणि प्राचार्य तिथंच थांबत. ‘म्हणून तुम्हीही असं करा’ हे सांगितलेलं मला आठवत नाही. सात सवयी नाहीत, पाच पायऱ्या नाहीत, महिनाभरात आयुष्य बदलण्याचं वचन नाही. एक मोठं आयुष्य ते तुमच्या शेजारी आणून बसवत आणि शेवटचा नमस्कार करून खाली बसत. पुढचं काम तुमचं. मला त्यांच्यातलं सर्वांत मोठं हेच वाटतं. कलेढोणच्या माळापासून कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंतची स्वतःची गोष्ट काही लहान नव्हती. ती नुसती सांगितली असती तरी आमच्यासारखी पोरं पेटून उठली असती. पण मी ऐकलेल्या व्याख्यानांत ते स्वतःला मागं ठेवत आणि दुसऱ्याचं चरित्र पुढं आणत.

पुढं मी वाचायला लागलो तेव्हा एक गमतीची जुळणी हाती लागली. स्वतःला घडवायला सांगणाऱ्या पुस्तकांचा हा सगळा प्रकार इंग्रजीत ज्या पुस्तकानं रूढ केला, ते सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली निघालं. त्याचं मूळ एका व्याख्यानात आहे. लीड्स या गिरण्यांच्या गावात कामगार तरुणांनी रात्री एकत्र येऊन एकमेकांना शिकवायला मंडळ काढलं होतं, आणि १८४५ साली स्माइल्स त्यांच्यापुढं बोलला. त्याचं पुस्तकही कारागीर, संशोधक, कुंभार, इंजिनिअर यांच्या चरित्रांनी भरलेलं आहे. डेल कार्नेगीचं १९३६ चं पुस्तक आलं तोवर चरित्रं मागं पडली आणि माणसं जिंकायच्या युक्त्या पुढं आल्या. कार्नेगीवर माझा राग नाही, त्यानंही न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या वर्गातच बुजऱ्या माणसांना बोलायला शिकवलं. पण प्राचार्यांची जात स्माइल्सच्या बाजूची. आणि खरं म्हणजे इतक्या लांब जायचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि पोरांना स्वतःच्या कमाईवर शिकायला लावलं. कर्मवीर स्वतः वाळवा तालुक्यातल्या ऐतवड्याच्या घराण्यातले. ‘स्वावलंबन’ हे आमच्याकडं कुणाच्या पुस्तकातून आलं नाही, ते खोरं-कुदळ घेऊन आलं. त्या पोरांना पोटापुरतं शिक्षण मिळाल्यावर मनाला जे हवं होतं, ते प्राचार्यांनी पुरवलं.

त्यांचा परिणाम सगळ्यांत जास्त दिसायचा तो वक्तृत्व स्पर्धांत. ढाल, करंडक, रोख बक्षीस, आणि स्टेजवर पांढरा शर्ट, खाकी चड्डीतली पोरं. एके काळी जिल्ह्यातली निम्मी पोरं प्राचार्यांच्या चालीत बोलत. तसंच सावकाश, तसंच वाक्य अर्ध्यावर धरून ठेवायचं, तसंच एकाच अर्थाचे तीन शब्द एकापुढं एक मांडायचे. परीक्षक हसत; पण मला ते फार मोलाचं वाटतं. घरी ‘आरं-कारं’त बोलणारी ती पोरं त्या पाच मिनिटांत मराठी भाषेच्या मोठ्या वाड्यातून हिंडून येत होती. त्यांतले कितीतरी पुढं शिक्षक झाले, वकील झाले, पंचायत समितीत बोलायला उभे राहिले. प्राचार्यांनी ‘कथा वक्तृत्वाची’ हे पुस्तक लिहिलं, ते आमच्या शाळेच्या कपाटात होतं आणि स्पर्धेच्या दिवसांत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत असे.

माझा चुलता गलाईवाला. खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो की सोन्या-चांदीची आटणी करून ते शुद्ध करायचा हा धंदा, आणि तो करत आमची माणसं देशभर पांगलेली आहेत. चुलता दक्षिणेत होता. जत्रेला गावी आला की परत जाताना ट्रंकेत चटणी, शेंगा आणि प्राचार्यांच्या कॅसेटी. परमुलखातल्या गल्लीत, भट्टीच्या धगीत दिवस काढल्यावर रात्री टेपरेकॉर्डर लागायचा, आणि आसपासच्या दुकानांतली आपली माणसं येऊन बसायची. ‘‘बाकी काय न्हाई रं,’’ चुलता सांगायचा, ‘‘आपली भाषा एवढी मोठी हाय, हे तिथं परक्या गावात ऐकलं की ऊर भरून यायचा.’’ त्यातली एक कॅसेट ताणली जाऊन आवाज घोगरा झाला होता, तरी त्यानं ती टाकली नाही.

प्राचार्यांची पुस्तकं मी उशिरा वाचली. ‘दीपस्तंभ’, ‘यक्षप्रश्न’, ‘जीवनवेध’, अरविंदांवरचं ‘मुक्तिगाथा महामानवाची’. वाचताना कानात आवाज चालूच राहतो, त्यामुळं ती किती वाचली आणि किती ऐकली हे मला वेगळं करता येत नाही. त्यांतही ‘देशोदेशीचे दार्शनिक’ माझं आवडतं; तत्त्वज्ञानाचा मास्तर त्यात सगळ्यांत जवळून भेटतो. २९ जून २०१० ला पुण्यात ते गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या फळ्यावर चित्रकलेच्या सरांनीच त्यांचं नाव लिहिलं. सर तेव्हा निवृत्त झालेले होते, मुद्दाम खडू मागून घेतला.

आता काळ निराळा आहे आणि तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही. शिराळ्याच्या कोकरूडचे विश्वास नांगरे पाटील ‘मन में है विश्वास’ लिहितात, आपली धडपड मोकळेपणी सांगतात, आणि सांगलीच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलांना ती हवी असते. माझी पुतणी त्यांच्यातलीच. स्पर्धा परीक्षेची तयारी करते, जेवताना मोबाईलवर भाषणं ऐकते. तिला मी प्राचार्यांचं एक व्याख्यान लावून दिलं. अर्धं ऐकून म्हणाली, ‘‘काका, भारी बोलतात ओ. पण उद्या सकाळी उठून काय करायचं ते कुठं सांगतात?’’

मी म्हटलं, ‘‘नाही सांगत. तू शेवटपर्यंत ऐक, मग तूच मला सांग.’’

तिनं ऐकलं. दोन दिवसांनी फोन आला, विवेकानंदांबद्दल आणखी कुठं वाचायला मिळेल म्हणून. बरंच बोललो. अरविंद, त्यांचा अलीपूरचा तुरुंग, मग पाँडिचेरी, असं कुठल्या कुठं गेलो. शेवटी तिनं ‘दीपस्तंभ’ मागून घेतलं. माझी प्रत जुनी, पानं सुटलेली. विट्याहून सांगलीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर कागदात गुंडाळून पाठवली. दिवाळीला ती गावी येणार आहे. तोवर ‘देशोदेशीचे दार्शनिक’ला पुठ्ठा घालून घ्यायला टाकलंय.